अदृश्य किरणाची राखण: इन्फ्रारेड बीम सेन्सर

इन्फ्रारेड बीम सेन्सरमध्ये एका टोकाला ९४० नॅनोमीटरचा एलईडी आणि समोर रिसीव्हर असतो. मधून कोणी गेले की किरण तुटतो. इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या उघड्या माळावर खरी अडचण उन्हाची, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असते. म्हणून एलईडी ३८ किलोहर्ट्झने लुकलुकवतात आणि टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर तेवढीच लय ओळखतो. एलईडी लुकलुकवणाऱ्या ५५५ टायमरला १.८ किलोओहम, १८ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड (कपॅसिटरवर १०२ छापलेला) लावले की साधारण ३८ किलोहर्ट्झ मिळतात.

नवखे हमखास अडतात ते इथेच: लहर अखंड सोडली तर हा रिसीव्हर तिला गोंगाट समजून दाबतो. दुसऱ्या ५५५ ने पहिल्याची ४ क्रमांकाची पिन चालू-बंद करून लहर तुकड्यांत पाठवावी. तुकडा ६०० मायक्रोसेकंदांचा, मध्ये त्याहून मोठी विश्रांती. तुकडा पोचला की रिसीव्हरचे आउटपुट शून्यावर येते. हे ठोके थांबले की अलार्म.

रिसीव्हरच्या पुरवठ्याला १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडची गाळणी द्यावी, पुढे काळी नळी बसवावी. एलईडी पेटतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यावरून कळते. सगळे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.