चोरलेला होकार

ॲमेझॉनच्या प्राइम सेवेचं सदस्य होणं सोपं होतं, एक-दोन बटणं दाबली की काम झालं. सदस्यत्व सोडायचं म्हटलं, की मात्र चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय आडवे येत. कंपनीतल्या मंडळींनी या वाटेला नाव ठेवलं होतं 'इलियड', ट्रॉयच्या रेंगाळलेल्या युद्धावरच्या महाकाव्याचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये भरलेल्या खटल्यात हा तपशील आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे होते.

हे नाव कळलं, की मनातली एक समजूत गळून पडते. ॲपमध्ये कुठे अडकलो, नको ते पैसे कापले गेले, तर आपण स्वतःलाच बोल लावतो. 'नीट वाचायला हवं होतं', 'आम्हाला नाही हो हे मोबाइलचं जमत' असं घरातली मोठी माणसं तर हमखास म्हणतात. पण तुम्ही चुकावं म्हणूनच जो रस्ता बांधला आहे, त्यावर चुकण्यात तुमचा दोष काय? तुमच्याकडून होकार काढून घेणं हे आज कौशल्याचं काम झालं आहे. हा होकार कधी पैशाला असतो, कधी खासगी माहितीला. काढण्याची रीत तीच.

तेरा युक्त्या

या रीतीला 'डार्क पॅटर्न' हे नाव ब्रिटनमधल्या हॅरी ब्रिग्नल या डिझाइन-तज्ज्ञाने २०१० मध्ये दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. यादीसोबत दिलेली उदाहरणं वाचताना ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं.

हॉटेलचं बुकिंग करताना 'फक्त दोन खोल्या उरल्या, आत्ता तीस जण पाहत आहेत' असं झळकतं. ही खोटी घाई. विमानाच्या तिकिटात प्रवास विमा परस्पर घातलेला असतो. तो काढायला जावं, तर बटणावर 'मी असुरक्षितच राहीन' अशा अर्थाचं वाक्य. म्हणजे आधी न विचारता पिशवीत माल टाकायचा आणि नाकारणाऱ्याला वर लाजवायचं. पहिल्या पानावर एक किंमत, पैसे भरताना दुसरी, हाही यादीतलाच प्रकार. फुकट म्हणून घेतलेलं बुद्धिबळाचं ॲप सात दिवसांनी पैसे मागतं, तेही यात आहे. रद्द करण्याचं बटण दडवून ठेवणारा सबस्क्रिप्शनचा सापळा तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

यादीत एक उदाहरण जरा वेगळं आहे : व्यवहाराला गरज नसताना आधार किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली माहिती द्यायला भाग पाडणं. इथे खिशातून एक रुपयाही जात नाही, तरी प्राधिकरणाने ती फसवणूकच मानली आहे.

फोन नंबर कशाला?

दुकानात दोनशे रुपयांची खरेदी केली तरी काउंटरवरून विचारणा होते, 'मोबाइल नंबर सांगा.' का, असं आपण विचारत नाही, कारण मागे रांग असते. नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही, अशा तक्रारी वाढल्यावर केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं, की नंबरची सक्ती करू नका. नंबर न देता बिल मागण्याचा तुमचा हक्क आहे, तो बिनदिक्कत वापरा.

मोठ्या कंपन्यांची सक्ती याहून मोठी. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये नवं गोपनीयता धोरण आणलं. ते मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा त्याचा सूर होता. गावचा भिशी गट, शाळेचा पालक गट, सोसायटीचा गट, सगळं ज्यावर चालतं ते सोडणार कोण? भारतीय स्पर्धा आयोगाने याला बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर ठरवून नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. व्हॉट्सॲपचा डेटा मेटाशी वाटून घेण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी अपिलात उठली, दंड मात्र कायम राहिला.

अशा सक्तीला लगाम घालणारा कायदा यायला वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यायला २०२३ उजाडलं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला पुढे अठरा महिने ठेवले आहेत. कायद्यात दम आहे. संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली आणि बिनशर्त हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या संपर्कांची यादी मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी तो होकार सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरताच धरला जाईल. हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. शिवाय माहिती कशासाठी घेतली जाते, हे मराठीत वाचायला मिळण्याची सोय कंपनीला द्यावी लागेल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बाविसाही भाषांना हा नियम आहे.

कच्चे दुवे

या कायद्याखाली माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई देणारं कलम ४३-क हा नवा कायदा वगळतो. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती वेगळ्याच.

डार्क पॅटर्नबाबतही कारवाईचा जोर अजून समजावणीवर आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं, की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करा. त्यानंतर काही बड्या कंपन्यांनी 'आमच्याकडे असं काही नाही' अशी पत्रंही दिली. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासावा, अशातला हा प्रकार. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल, याशिवाय या पत्रांना किंमत नाही.

हातात काय आहे?

भरपाईची वाट मात्र पूर्ण बंद झालेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला पुरवणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटली आहे. म्हणजे नंबर विकणारा दुकानदार आणि मापात मारणारा दुकानदार ग्राहक आयोगापुढे एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. ही तरतूद फारशी कुणी वापरत नाही, आणि वापरली नाही तर ती पुस्तकातच राहील.

आधी पुरावा जपा. शंका आली की त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पहिली किंमत आणि शेवटची किंमत दोन्ही ठेवा, बँकेचा संदेश पुसू नका. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पुष्कळ तक्रारी कंपनीला विचारणा होताच मिटतात. नाही मिटली, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. सगळं काम 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून होतं.

रक्कम एकोणपन्नास रुपयांची असली तरी तक्रार करा. कोट्यवधी लोक तेवढ्यासाठी भांडायला जाणार नाहीत, या हिशेबावरच हा धंदा उभा आहे. तो हिशेब चुकवणं ग्राहकाच्याच हातात आहे.