पोरगं घरात आहे, पण कामावर आहे



मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली आपली मुले लॅपटॉप घेऊन गावी आली. काहींचे काम आजही घरूनच चालते. ऊसनोंदीला वस्तीवर गेलो की पोरगा सोप्यात कॉटवर मांडी घालून बसलेला दिसतो. इतक्यात लाईट येते. वडील हाक मारतात, "बसलाच आहेस तर मोटार चालू करून ये." मीटिंग अर्धी टाकून पोरगा विहिरीवर पळतो. तिकडे साहेबाला वाटते, हा गावी झोपा काढतोय. आणि सोसायटीचा हप्ता तर त्याच पगारातून जातो!

त्या वर्षी नोंदीची पत्रके मीही घरी कॉटवरच भरली. एरवी दिवसभर बांधावरून चालणारा माणूस. पंधरा दिवसांत मान आखडली, कंबर धरली. माणसाचे डोके साधारण 5 किलोचे. सरळ मानेवर ते जड वाटत नाही, पुढे झुकले की मानेमागचे स्नायू ताणून धरतात. उसाची मोळी डोक्यावर पेलते, हात लांब करून धरली तर पेलेल का? शिवाय पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

आमच्या गटातील एका सभासदाने खताची पोती हलवून त्या खोलीत टेबल-खुर्ची टाकून दिली. लॅपटॉपखाली दोन विटा, म्हणजे पडदा डोळ्यांसमोर येतो. टाईप करायला वेगळा कीबोर्ड. मीटिंगच्या वेळा मुलगा सकाळीच दारावर खडूने लिहितो. दिवसाचे पाणी वडील धरतात. सुट्टीच्या आदल्या रात्री पाळी आली तर मुलगा जातो. म्हणतो, दारे धरल्याने कंबर मोकळी होते.