कातडी आणि डोळे (लेखांक ५) : सूर्यमुखी मुलांची नजर

मागच्या आठवड्यात आपण खवल्यांच्या कातडीचा आजार पाहिला. त्यात पापणी ताणून बाहेर वळते, डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो. आजच्या आजारात डोळ्याचं दुखणं सहज ध्यानात येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष मुलाच्या रंगावरच खिळलेलं असतं.

केस, भुवया, पापण्यांचे केस जन्मापासून पांढुरके आणि कातडी गोरीपान असलेल्या मुलाला लोक सूर्यमुखी म्हणतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाची बिघडलेली प्रत त्याला आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेली असते. ते दोघं स्वतः सावळे, धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मराठवाड्यात मामाची पोरगी करायची रीत आहे, आणि नात्यातल्या लग्नात तीच प्रत दोन्हीकडे असण्याचा धोका वाढतो. ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळंतिणीला बोल लावणं आता तरी थांबलं पाहिजे.

पोटात बाळाचा डोळा घडतानाही मेलॅनिन लागतं. ते नसेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची, बारीक अक्षर टिपणारी मधली जागा नीट तयार होत नाही. चष्म्याने नंबर सुधारतो. ही उणीव मात्र भरून निघत नाही. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे डोळे आडवे हलू लागतात. बाहुलीभोवतीच्या पडद्यात रंग नसल्याने ऊन आरपार शिरतं आणि मूल डोळे गच्च मिटून घेतं.

वर्गात असं मूल मान वाकडी करून फळ्याकडे बघतं, पुस्तक नाकाला लावून वाचतं. मग बाई मान सरळ करतात आणि घरचे पुस्तक हिसकून लांब धरतात. कृपा करून असं करू नका. मानेच्या त्या एका कोनात डोळ्यांची थरथर सगळ्यात कमी होते. जवळचं बघतानाही ती मंदावते, शिवाय अक्षर मोठं दिसतं. जवळून वाचल्याने या मुलांची नजर आणखी बिघडत नाही.

दिवाळीच्या आगेमागे धारूर-वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पोरं सोबत गेली की दिवस फडातच जातो. सूर्यमुखी मुलाची कातडी तिथे भाजून निघते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. त्याला गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता आलं तर उत्तमच. न्यावंच लागलं, तर पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि गडद चष्मा हवाच.

अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीचं पथक येईल, तेव्हा डोळे हलतात हे आवर्जून सांगा. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय, दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधुक दृष्टीचा समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. दहावीची वाट बघू नका, पहिलीत नाव घालण्याआधीच डोळे तपासून घ्या.