जुन्या खोलीची ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

शेतकरी बांधवांच्या हाती पिशवीतून येणारे केळीचे रोप आरंभी काचेच्या बाटलीत वाढलेले असते, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. ती बाटली ज्या खोलीत भरली जाते तिचा विचार मात्र क्वचितच होतो. राहुरीचे कृषि विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली व परभणी आणि दापोली येथील १९७२ साली स्थापन झाले. त्या काळच्या इमारती बांधताना या कामाचा विचार कोणी केलेला नसणे साहजिक आहे. म्हणून जुना वर्ग किंवा भांडारगृह दुरुस्त करूनच प्रयोगशाळा करावी लागते.

अशा वेळी यंत्रांच्या यादीपासून आरंभ होतो. आमच्या मते तो भिंतीपासून व्हावा. बाटलीतील पोषक माध्यमात लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम साखर असते. ती कोंबाला जशी पोसते तशी बुरशीलाही पोसते, आणि बुरशीची वाढ कोंबाहून कितीतरी जलद. ओल आलेल्या भिंतीला नुसता रंग दिल्याने ती ओल जात नाही. गळती आधी बंद करावी. छताचा पंखा काढून टाकावा, कारण तो बीजाणू खोलीभर उडवितो. बाटल्या धुण्याची जागा व कलम लावण्याची खोली यांत निदान दोन दारे असावीत. माध्यम १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करून पुन्हा दमट खोलीत उघडले, तर तो खटाटोप वाया जातो. वाढीच्या खोलीत सुमारे २५ अंश तापमान राखावयाचे असते; तेव्हा वीज गेल्यास पर्यायी सोय हवीच.

विद्यार्थ्यांचा हात सरावानेच बसतो व सरावात बाटल्या नासणारच. त्यांच्यासाठी वेगळे टेबल ठेवावे, विक्रीच्या रोपांशेजारी नव्हे. नासलेली बाटली न उघडता प्रथम निर्जंतुक करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खोली कितीही स्वच्छ असली तरी मातृवृक्षातील विषाणू त्यामुळे जात नाही. पर्णगुच्छ रोगाचा एक कंद हजारो रोगी रोपे देऊ शकतो, आणि नुकसान होते ते शेतकऱ्याचे. याकरिता विषाणू-तपासणीची खोली, जागा अपुरी पडली तरी, वगळू नये. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. रोपे घेताना प्रमाणपत्र मागण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस सांगावे. वाढीच्या खोलीच्या भिंतीत एक मोठी काच बसविल्यास शेतकऱ्यांचा गट आत न शिरता सर्व काम पाहू शकेल.