घरातील प्रवाळसागर

हजार लिटर खाऱ्या पाण्याचे वजन एक टनाहून अधिक भरते. म्हणून घरी प्रवाळांचे विशाल मत्स्यालय उभारू इच्छिणाऱ्याने काचेची चौकशी करण्यापूर्वी आपल्या जमिनीच्या मजबुतीची खातरजमा करावी. काच, पंप आणि दिवे यांची तजवीज द्रव्याने होते. परंतु माशांच्या उत्सर्गातून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये, आणि त्या नायट्राइटचे पुढे पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंची वसाहत स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागत असल्यामुळे, तोवर टाकीत एकही मासा न सोडण्याइतका संयम ज्याच्या ठायी आहे, तोच या छंदाचा खरा अधिकारी होय. समुद्रतळाचे सजीव खडक हेच या वसाहतीचे उत्तम आश्रयस्थान, हे जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या साध्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध करून जगाच्या निदर्शनास आणले, आणि माझ्या मते या विद्येतील तो सर्वांत मौलिक विचार आहे. क्षारांचे प्रमाण हजारी ३५ भाग आणि उष्णता २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी. वाफेबरोबर क्षार उडून जात नाहीत, सबब होणारी घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी. तांब्याचा अल्प अंशही प्रवाळांस घातक ठरतो.

आपल्याकडे खडक रचणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; तेव्हा मालवणच्या समुद्रातील प्रवाळ, वाचकहो, कृपा करून तेथेच राहू द्या.