आधी वनस्पती की आधी जिवाणू?

घरात नवी फिशटँक येते आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांतच तिच्यातले मासे एकेक करून मरू लागतात. ‘आपल्याकडे मासे जगत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. याचे कारण रासायनिक आहे आणि छंदी मंडळींना ते ठाऊकही असते. एका प्रश्नावर मात्र त्यांच्यात दोन तट पडलेले दिसतात. टाकी ‘सायकल’ होत असताना, म्हणजे तिच्यात उपयुक्त जिवाणूंची वस्ती तयार होत असताना, जिवंत वनस्पती लावाव्यात की वस्ती पुरती बसेपर्यंत थांबावे? मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. पंचवीसेक वर्षे टाक्या सांभाळून आणि मिळेल ते वाचून माझे जे मत बनले, ते येथे मांडतो. वनस्पती पहिल्याच दिवशी लावाव्यात. पण त्या नुसत्या हिरव्या असून भागत नाही, वाढत्या असाव्या लागतात.

आधी हे चक्र समजून घेऊ. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत तो विरून जातो, काचेच्या चार भिंतींत मात्र साठतो आणि कल्ल्यांना इजा करतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते पुष्कळच सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. अडचण वेळेची आहे. ई. कोलायसारखे जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात; या गटांना त्यासाठी बरेच तास, कधी एक दिवसाहूनही अधिक लागतो. म्हणून नवी टाकी स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

या प्रश्नाचा इतिहास एका घरात सापडतो. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये बारा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश सोडले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यांचा हिशेब प्रामुख्याने प्राणवायू आणि कर्बवायूच्या देवघेवीचा होता. नायट्रीकरण जिवाणू करतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

त्यांचाच मुलगा, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, पुढे रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात याच कोड्यामागे लागला. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी नायट्रीकरण ही सजीवांची करणी असल्याचे दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टननी ही क्रिया दोन पायऱ्यांत होते, हे प्रयोगांनी सिद्ध केले. जिवाणू मात्र त्यांना वेगळे काढता आले नाहीत. ते यश १८९० मध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांना मिळाले. म्हणजे बापाने वनस्पतीच्या भरवशावर मासे जगवले, तेव्हा मुलाच्या जिवाणूंचा शोध चाळीस वर्षे दूर होता. आज आपण जिवाणूंना नायक केले आणि वनस्पतीला सजावटीच्या यादीत टाकले. मला हा क्रम उलटा वाटतो.

त्याला शास्त्रीय आधार आहे. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. नायट्रेट वापरायचे तर वनस्पतीला ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा अमोनियम करावे लागते. तयार अमोनियम मिळत असताना ती हा खटाटोप कशाला करील? शिवाय वनस्पतीने थेट शोषलेल्या अमोनियाचे नायट्राइट होतच नाही, त्यामुळे दुसरे विषही टळते. पानांवर आणि मुळांवर जिवाणूंना बसायला जागा मिळते. जुन्या टाकीतली वनस्पती आणली, तर काही जिवाणू तिच्यासोबतच येतात.

थांबा म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत. पहिला असा, की अमोनिया वनस्पतींनी खाल्ला तर जिवाणूंची वस्ती लहान राहते. चाचणीत शून्य दिसते. पण उद्या झाडे उपटली किंवा दिवा बंद पडला, तर तेवढा भार पेलायला जिवाणू पुरेसे नसतात. दुसरा मुद्दा कुजण्याचा. विक्रीची बरीच रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात बुडवल्यावर त्यांची जुनी पाने विरघळतात. क्रिप्टोकोरिन तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. असे रोप अमोनिया शोषण्याऐवजी त्यात भर घालते. अनुबियाससारखी मंद वाढीची झाडे कुजत नाहीत, पण शोषतातही थोडेच.

म्हणून सुरुवातीला हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांसारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पती दाट लावाव्यात. विरघळलेली पाने रोज काढावीत. दिवा सहा ते आठ तासच ठेवावा, नाहीतर शेवाळ माजते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो, तेव्हा तो आधी घालवावा. मासे सुरुवातीला एक-दोनच सोडावेत, खाद्य चिमूटभर द्यावे आणि अमोनिया-नायट्राइटची चाचणी आठवड्यातून दोन-तीनदा करावी. एरवी वनस्पती भरपूर आहेत म्हणून चाचणी टाळणे धोक्याचे. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण दख्खनच्या बेसॉल्टमधले पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. चाचणीचा आकडा तोच, पण धोका आठ-नऊ पट.

जिवाणूंचे महत्त्व यात कमी होत नाही. त्यांचे शास्त्र अजूनही बदलते आहे. पाठ्यपुस्तके नायट्राइटच्या पायरीचे श्रेय नायट्रोबॅक्टरला देत. १९९८ मधल्या एका अभ्यासाने गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतात, असे दाखवले. २०१५ मध्ये तर याच कुळातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडतात, असे उघड झाले.

जिवाणू नायट्रोजनचे फक्त रूप बदलतात; नायट्रेट पाण्यातच राहते. वाढलेली हायड्रिला कापून बाहेर काढली, की माशांचा मळ पानांच्या रूपाने खरोखरच टाकीबाहेर जातो. ही कापणी कुंडीत खत म्हणून घालावी, ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नये. १९५० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलेल्या हायड्रिलाने तिथले जलाशय आणि कालवे व्यापून टाकले. जिच्या वेगवान वाढीवर नव्या टाकीतला मासा तगतो, तिची तीच वाढ काचेबाहेर गेली तर आवरता येत नाही.