सात मीटर खालचं पाणी

एप्रिलच्या १४ ते २० तारखांना देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या निमित्ताने शहराचं अग्निशमन दल कसं चालतं आणि त्याचा हुकूम कुठवर चालतो यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. मुंबईत बसून हा लेख लिहिणं सोपं होतं. तिथे भायखळ्याला मुख्यालय आहे, शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, उंच शिड्या आहेत. पण ज्या गावात एखाद-दुसऱ्या बंबावर सगळी भिस्त असते, तिथे या प्रश्नाचं उत्तर अधिक खरं मिळेल असं वाटलं, म्हणून मालवणच्या किनाऱ्याची वाट धरली.

२०११ च्या जनगणनेत मालवण शहराची वस्ती साडेअठरा हजारांच्या आसपास होती. सिंधुदुर्ग जिल्हा साडेआठ लाखांचा, आणि त्यातली दर आठांतली सात माणसं खेड्यात राहणारी. नगरपरिषदा तीन: मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी. नगरपंचायती पाच: कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग. अग्निशमन ही या संस्थांची जबाबदारी. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यातला सातवा विषय म्हणजे अग्निशमन सेवा. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातही आग विझवणं आणि आगीत जीवित-वित्ताचं रक्षण करणं हे परिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. रस्त्यावरच्या दिव्यांइतकंच बंधनकारक.

महानगरपालिकेत या कामाला मुख्य अग्निशमन अधिकारी असतो. त्याच्याखाली केंद्र अधिकारी, उपअधिकारी, लीडिंग फायरमन, यंत्रचालक आणि फायरमन अशी सरळ उतरंड असते. छोट्या नगरपरिषदेत ही उतरंड वरून कापल्यासारखी होते. सगळ्यात वर मुख्याधिकारी. त्यांच्या टेबलावर पाणीपट्टी, कचरा, बांधकाम परवाने आणि निवडणुकीची कामं, सगळं एकत्र असतं. मधले अधिकारी बहुतेक ठिकाणी नसतातच. शेवटी उरतात ते यंत्रचालक आणि फायरमन. २०२३ साली राज्यातल्या नगरपरिषदांसाठी १,७८२ पदांची भरती निघाली, त्यात अग्निशमन सेवेची पदं ३७२ होती. अख्ख्या महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत ती वाटायची होती.

तरीही आगीच्या ठिकाणी या दलाला मिळणारा अधिकार फार मोठा आहे. जागेवर दलाचा जो प्रमुख हजर असेल, तो कामात अडथळा आणणाऱ्याला हटवू शकतो, रस्ता बंद करू शकतो, पाईप नेण्यासाठी कुणाचंही दार फोडू शकतो, भिंत पाडू शकतो, एका भागात दाब वाढावा म्हणून दुसऱ्या भागाचं पाणी तोडू शकतो. एरवी कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसालाही जे सहज करता येत नाही, ते सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केलेला फायरमन त्या घटकेला करू शकतो. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात तर अशा मोडतोडीचं नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेलं नुकसान मानलं आहे. मला हे तत्त्व मनापासून पटतं. घर वाचवणाऱ्याला दाराच्या किमतीची चिंता करायला लावू नये.

हा अधिकार एका हातात का असावा, याचा धडा महाराष्ट्राने फार महागात घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. दुपारी आग दिसल्यापासून चार वाजून गेल्यावर झालेल्या पहिल्या स्फोटापर्यंत दोन तासांहून अधिक वेळ हातात होता. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे दारूगोळा अधिकारी, अग्निशमन दल, सगळे हजर होते. जहाज जागीच बुडवावं की बाहेर न्यावं यावर बोलणं झालं, पण हुकूम कुणी दिला नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो यासाठी.

नंतरचे कायदे त्या मानाने स्पष्ट आहेत. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, तो लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. त्याने आग विझवण्याच्या अगोदरचं काम कायद्यात आणलं. इमारतीतली आगरोधक साधनं चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी ठरली. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून साधनं तपासून तसं प्रमाणपत्र द्यायचं. अधिकाऱ्याला तपासणी करता येते, नोटीस देता येते, ऐकलं नाही तर वीज-पाणी तोडता येतं, इमारत सीलही करता येते. जिथे मुख्य अग्निशमन अधिकारी नाही, तिथे हे अधिकार राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडे जातात, आणि त्यांचं कार्यालय सांताक्रूझला आहे. तारकर्लीच्या किंवा देवबागच्या एखाद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातले सिलिंडर नीट ठेवलेत का, हे पाहण्याचा अधिकार असा पाचशे किलोमीटरवर जाऊन बसतो.

कागदावरचा भाग एवढाच. माझं लक्ष अडकलं ते बंबाच्या मागच्या बाजूला असलेल्या पंपात, आणि तो चालवणाऱ्या माणसात.

किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेचा हा यंत्रचालक. गाडी तोच चालवतो आणि पंपही तोच. पाळीवर आल्या आल्या त्याचं पहिलं काम म्हणजे पंपाची कोरडी तपासणी. सगळी तोंडं झाकणांनी बंद करायची, प्रायमर चालू करून आतली हवा ओढून घ्यायची, मग प्रायमर बंद करून निर्वात मोजणाऱ्या घड्याळाचा काटा पाहायचा. काटा जागेवर राहिला तर पंप धड आहे. काटा हळूहळू परतू लागला, तर कुठेतरी हवा शिरते आहे: एखादा वॉशर सुकलाय, एखादी जोडणी ढिली झालीय. मग तो प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती शोधत बसतो. पाच रुपयांचा रबरी वॉशर गेला तर लाखो रुपयांचा बंब विहिरीतून थेंबभर पाणी ओढू शकत नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बंबाचा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा असतो. गाडीच्या इंजिनाच्याच ताकदीवर त्याचं चक्र फिरतं आणि पाणी बाहेर फेकतं. मिनिटाला १,८०० लिटर, तेही सात किलोच्या दाबाने. पण या पंपाला हवा हलवता येत नाही. पोटात पाणी असलं तरच तो काम करतो. म्हणून आधी प्रायमरने नळीतली हवा काढायची. हवा निघाली की बाहेरच्या वातावरणाचा दाब विहिरीतलं पाणी नळीत वर ढकलतो. पंप पाणी वर खेचतो असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात पाणी वर चढवतो तो वातावरणाचा दाब, आणि त्याची ताकद ठरलेली आहे. हिशोबाने ती दहा मीटरच्या थोडी वर भरते, व्यवहारात सात, फार तर साडेसात. पंप स्वतः जमिनीपासून दोन-अडीच हात उंचीवर असतो, तेवढंही त्यातून वजा करायचं. कितीही पैसे मोजून कुठल्याही देशातून बंब आणला तरी हा आकडा बदलत नाही.

आता कोकणातली विहीर डोळ्यांसमोर आणा. जांभ्यात खोल खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली. पावसाळ्यात काठावरून हात लागेल इतकं पाणी असतं. फेब्रुवारी सरला की ते तळाकडे जातं आणि एप्रिलमध्ये अनेक विहिरींत आठ-दहा मीटर खाली चमकत राहतं. आग लागण्याचा मोसम नेमका तोच. सड्यावरचं गवत वाळून कडक झालेलं असतं, काजू-आंब्याच्या बागांत पातेरा पडलेला असतो, मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, गवत आणि नारळाची सोडणं भरलेली असतात, विजेच्या तारांवर वाऱ्याने फांद्या घासत असतात. ज्या महिन्यात वर्द्या जास्त, त्याच महिन्यात विहिरीचं पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर. यंत्रचालकाने ते त्याच्या बोलीत एका वाक्यात सांगितलं: “पाणी दिसता, पण पंपाक गावना नाय.”

मग भिस्त उरते टाकीवर. साधारण बंबाची टाकी ४,५०० लिटरची. पंप पूर्ण ताकदीने सोडला तर ती अडीच मिनिटांत रिकामी होते. म्हणून तो एकच होज लावतो, नोझल आवळून धरायला सांगतो, आणि दहा-बारा मिनिटं मिळवतो. या दहा मिनिटांत कुठली भिंत ओली करायची, कुठला वासा जाऊ द्यायचा, शेजारचं छप्पर आधी भिजवायचं की पेटलेलं घर, हे ठरवावं लागतं. नगरपरिषदेत त्याच्या वरच्या पायऱ्या रिकाम्या आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा हा निर्णय त्याचाच असतो. कायद्याने ज्याला जागेवरचा प्रमुख म्हटलंय तो हाच, महिनाअखेरीला पगाराची वाट पाहणारा. मला त्याच्याबद्दल आदर वाटला आणि काळजीही.

समुद्र शेजारी असताना पाण्याची वाण कशी, असं बाहेरचा माणूस विचारील. मालवणच्या जेटीवर भरतीच्या वेळी नळी टाकून पाणी घेता येतं. पण ओहोटीला समुद्र मागे सरतो, आणि चौदा-पंधरा टनांची गाडी पुळणीत नेली तर चाकं रुततात. नळीतून आलेली वाळू पंपाचं चक्र आणि सील घासून काढते. खारं पाणी धातू खातं, म्हणून समुद्राचं पाणी वापरल्यावर पंप, टाकी, होज सगळं गोड्या पाण्याने धुवावं लागतं. दमून परतलेल्या माणसांनी हे धुणं टाळलं तर पंप काही महिन्यांत गंजू लागतो. यंत्रचालक म्हणूनच समुद्राकडे शेवटचा उपाय म्हणून पाहतो.

अडचणींचा खरा डोंगर याच्या पुढे आहे. मालवणच्या बाजारपेठेतले बोळ मोठ्या बंबाला पुरत नाहीत. मेढ्यात, धुरीवाड्यात माडांमधून जाणाऱ्या पाणंदी त्याहून अरुंद. अशा ठिकाणी होजच्या पंधरा किंवा तीस मीटरच्या लांब्या एकाला एक जोडत न्याव्या लागतात. प्रत्येक जोडाला वेळ जातो आणि प्रत्येक लांबीला दाब कमी होतो. छोट्या गाडीवरची पाण्याचा तुषार मारणारी यंत्रं इथे मोठ्या बंबाहून जास्त उपयोगी आहेत, आणि खरेदीच्या वेळी आकारापेक्षा गल्लीची रुंदी पाहावी. सिंधुदुर्ग किल्ल्यावर तर कुठलाच बंब पोहोचत नाही. तिथे आजही काही कुटुंबं राहतात, आणि उन्हाळ्यात तटाच्या आत गवत वाळतं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, पण त्यांतून पाणी उपसून फेकायला हाताने उचलता येईल असा पंप तिथेच ठेवलेला हवा.

आगीची जातही बदलली आहे. काजूच्या टरफलातलं तेल पेटलं की साध्या पाण्याने ते पसरतं, त्याला फेस लागतो. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो गळला तर पाण्याचा पडदा धरावा लागतो, आणि तो धरणाऱ्याला श्वसनयंत्र हवं. फायबरच्या होड्या आणि नायलॉनची जाळी पेटली की काळा विषारी धूर येतो. किनाऱ्यावरच्या घरांचं पर्यटक निवासांत रूपांतर झालं, खोल्या वाढल्या, एसी वाढले, वायरिंग मात्र अनेक ठिकाणी जुनंच राहिलं.

आणि या सगळ्यावर हद्दीचा प्रश्न. नगरपरिषदेचं कर्तव्य नगरपरिषदेच्या वेशीपर्यंत. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीची वेगळी यंत्रणा. ग्रामपंचायतींकडे बंब नाही. आचऱ्याला मांगर पेटला, देवबागला हॉटेलात सिलिंडर भडकला, तरी फोन येतो तो शहरालाच. यंत्रचालक “ही आमची हद्द न्हय” असं म्हणत नाही, गाडी काढतो. वळणावळणांच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर जाणं म्हणजे पाऊण तास. खेड्यात वीस मिनिटांत पोहोचावं असं राष्ट्रीय मानक सांगतं. गाडी पोहोचेपर्यंत छप्पर बसलेलं असतं, आणि तेवढा वेळ शहर उघडं राहतं. डिझेल कुणाच्या खात्यावर, टायर कुणाच्या, वाटेत अपघात झाला तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागतात. केंद्राच्या जुन्या मानकाप्रमाणे पन्नास हजार वस्तीला एक बंब पुरतो. हे मानक डोकी मोजतं, अंतर मोजत नाही. १२१ किलोमीटरचा किनारा आणि डोंगरात विखुरलेल्या वाड्या असलेल्या जिल्ह्याला ते लावणं अन्यायाचं आहे.

जुलै २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना सुरू केली. त्यातून गाड्या येतील. पण गाडीबरोबर माणसं आणि अधिकारी आले नाहीत, तर नवी गाडी जुन्याच यंत्रचालकाच्या गळ्यात पडेल. माझं मत स्पष्ट आहे: सिंधुदुर्गाला आठ संस्थांच्या आठ तुकड्यांऐवजी जिल्ह्याचं एक दल हवं, जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला, बसणारा प्रशिक्षित जिल्हा अग्निशमन अधिकारी हवा, आणि तपासणीचा अधिकार त्याच्या हातात हवा. गोदीतल्या त्या दुपारी जे नव्हतं ते, हुकूम देणारा एक माणूस, इथे आग लागण्याआधी नेमता येतो.

ते होईपर्यंत ग्रामसभांनी एक काम स्वतः करावं. जवळपास प्रत्येक गावात नळपाणी योजनेची उंच टाकी आहे. तिला खाली, रस्त्याच्या बाजूला, बंबाच्या होजला बसणारी ६३ मिलिमीटरची जोडणी आणि एक व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. आगीच्या वेळी वीज तोडल्यावर शेतीपंप बंद पडतात, टाकीतलं पाणी मात्र आपोआप खाली येतं, त्याला प्रायमर लागत नाही आणि सात मीटरची अटही आड येत नाही. व्हॉल्व्हची जागा लाल रंगवावी, समोर होड्या, चिरे, मोटारी लावू देऊ नयेत. आणि आग दिसली की आधी स्वतः विझवून बघण्यात वेळ न घालवता १०१ किंवा ११२ ला फोन करावा, वाडीचं नाव आणि गाडी कुठवर येते ते सांगावं, आणि एक माणूस मुख्य रस्त्यावर वाट दाखवायला उभा करावा.